कागदाच्या मधोमध एक रेघ

बाबांना रात्री अस्वस्थ वाटत होतं. ‘पित्त झालं असेल, सकाळी बघू,’ असं मीच म्हणाले. सकाळ त्यांनी पाहिली नाही. पुढची दोन वर्षं ते वाक्य मला रोज ऐकू यायचं, माझ्याच आवाजात.

‘तुझी काही चूक नाही,’ असं सगळे सांगायचे. त्याने काडीचाही फरक पडला नाही. पडला तो एका कागदाने.

कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे त्या वेळी तुम्हाला जे ठाऊक होतं तेवढंच लिहा, उजवीकडे नंतर कळलेलं. प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारा, हे मला कधी कळलं, कुणाकडून? घाई करू नका, मला तीन संध्याकाळी लागल्या. डावीकडे आलं: जेवायला उशीर झाला होता, असा त्रास आधीही दोनदा होऊन गेला होता, छातीत दुखत नव्हतं, ‘मला झोपू दे’ असं बाबाच म्हणाले. ‘तो हृदयविकाराचा झटका होता’ हेही मी आधी डावीकडेच लिहिलं होतं. ते खोडून उजवीकडे नेताना हात थरथरला.

मन अशी सरमिसळ करतंच. १९७२ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर जाण्याआधी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी काय काय घडेल याचे अंदाज काही जणांकडून घेतले. नंतर तेच अंदाज आठवायला सांगितले, तेव्हा जे घडलं त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती, असं बहुतेकांना वाटलं. ‘मला कळायला हवं होतं’ यातला बराचसा भाग असाच मागाहून आलेला असतो.

सगळा नाही. डावीकडे काहीतरी उरतं. माझ्याकडे उरलं: बाबांना दरदरून घाम आला होता आणि मी नुसता पंखा वाढवला. ती ओळ मी खोडली नाही, तुम्हीही खोडू नका. तिच्यापुरतं काहीतरी करा. मी आईला ते सांगितलं. दोघी खूप रडलो. मग छातीत न दुखताही झटका येऊ शकतो हे, आणि घाम, धाप, जबडा किंवा हात दुखणं ही लक्षणं लिहून घरातल्या प्रत्येकाला दिली.

झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर कागद बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांशी बोला.

माझा कागद अजून कपाटात आहे. ते वाक्य पुन्हा ऐकू आलं की मी तो काढते आणि डावी बाजू मोठ्याने वाचते.