उदयपूरला तलावाकाठच्या हवेलीत राहायचंय? रूम अशी निवडा

तारखा, तिकिटं, सुट्ट्या हे तुमचं तुम्ही बघालच. पैशांचं एकच सांगते, रूमचं भाडं दिवसाला 7500 च्या वर गेलं की जीएसटी 5 टक्क्यांवरून थेट 18 टक्के लागतो, त्यामुळे 7400 ची रूम आणि 7600 ची रूम यांच्या बिलात जवळजवळ बाराशेचा फरक पडतो. हॉटेलवाल्याशी घासाघीस करायची असेल तर ती या रेषेच्या आसपास करा.

आता खरं डोकं लागतं ते रूम निवडायला. याबद्दल जो तो सांगतो "लेक व्ह्यू घ्या" आणि मोकळा होतो. अहो, पण कुठल्या काठावरून? इथला तलाव म्हणजे पिछोला, त्याच्या पूर्व काठावर, जगदीश मंदिराच्या खाली, लाल घाट आणि गणगौर घाट, आणि पाण्यापलीकडे पश्चिमेला हनुमान घाट नि अंबराई घाट. दोन्हीकडे जुन्या हवेल्यांची छान छोटी हॉटेलं आहेत, मधे पायी जायचा पूल आहे, पण खिडकीतून दिसणारं उदयपूर मात्र दोन वेगळी गावं असावीत इतकं वेगळं.

लाल घाटाच्या रूम पश्चिमेला तोंड करून. म्हणजे सूर्य समोरच्या डोंगरांमागे बुडताना दिसतो, लांब टेकडीवर सज्जनगड (आपला साताऱ्याचा नव्हे, इथला मॉन्सून पॅलेस), डावीकडे पाण्यात जगनिवास, म्हणजे लेक पॅलेस. पण सिटी पॅलेस तुमच्याच काठावर असल्याने तो खिडकीतून दिसेल अशी आशा ठेवू नका. हनुमान घाटावरून बरोब्बर उलटं. पॅलेस, बागोर की हवेली, गणगौर घाटाच्या कमानी सगळं समोर, पण सकाळी ऊन पॅलेसच्या मागून येतं म्हणून फोटोत नुसती काळी भिंत येते. संध्याकाळी तेच ऊन सरळ पॅलेसवर पडतं, भिंती पिवळ्याधमक होतात आणि अंधार पडला की दिवे लागतात. फोटोसाठी जाणाऱ्यांनी डोळे मिटून हाच काठ घ्यावा.

आणि एप्रिल-मे मध्ये लाल घाटाची पश्चिममुखी रूम घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. दुपारी तीननंतर ऊन सरळ पलंगावर येतं, दगडी भिंती तापतात त्या रात्रीपर्यंत निवत नाहीत, आणि एसी बिचारा नुसता आवाज करत बसतो. डिसेंबरात मात्र हीच रूम सुखाची, झरोक्यातल्या गादीवर उन्हात पाय पसरून चहा प्यायचा, बाहेर कुठे जायची इच्छाच होत नाही.

पाण्याचंही बघा. पिछोला हा चौदाव्या शतकात माणसांनी बांधलेला तलाव आहे, पावसावर जगतो, दुष्काळी वर्षी पाणी मागे हटून काठाला चिखल उघडा पडतो. चांगला पाऊस झाला असेल तर सप्टेंबरपासून हिवाळाभर काळजी नाही. मे-जूनमध्ये जाणार असाल तर हॉटेलकडून त्याच दिवशी काढलेला फोटो मागवा, वेबसाइटवरचा फोटो कुठल्या वर्षीचा आहे देवाला ठाऊक.

मग मजला. सगळे म्हणतात सगळ्यात वरचा घ्या, मी म्हणते अजिबात नको. अशा बहुतेक हॉटेलांत गच्चीवर रेस्टॉरंट असतं आणि रात्री उशिरापर्यंत डोक्यावर खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत राहतो. तळमजल्यावर ओल, डास आणि पहाटे घाटावर धुणं आपटल्याचा धपधप आवाज. मधला मजला मागा. लग्नाच्या सीझनमध्ये कुठेही राहिलात तरी समोरून पाण्यावरून डीजे ऐकू येणारच, त्याला इलाज नाही, कानात घालायला कापूस न्या.

हे सगळं ठरलं की अॅपवर बुक करून गप्प बसू नका, हॉटेलला फोन लावा. मला एका ठिकाणी "लेक व्ह्यू" म्हणून जी रूम दिली होती तिच्यात तलाव फक्त बाथरूमच्या खिडकीतून दिसायचा, तोही टाचा उंच करून, आणि मॅनेजर शांतपणे म्हणाला, मॅडम, दिसतोय ना? तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारते, "पलंगावर बसून पाणी दिसतं का?" हो म्हणाले की त्याच रूमचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर मागायचा, पलंगावरून सुरू करून खिडकीपर्यंत, आणि रूम नंबर मेसेजमध्ये लिहून घ्यायचा. "पार्शल लेक व्ह्यू" असं लिहिलेलं असेल तर ते "शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी" असं वाचा. व्हिडिओ द्यायला टाळाटाळ केली तर दुसरं हॉटेल बघा, तिथे काही कमी नाहीत. घरात गुडघ्यांचं दुखणं असलेलं कुणी असेल तर लिफ्टचं आधीच विचारा, जुन्या हवेल्यांत बहुधा नसतेच आणि जिने चिंचोळे, पायऱ्या उंच.

पोचल्यावर ऑटोनेच जा, गल्ल्यांत मोठी गाडी अडकते. स्वतःची गाडी असेल तर पार्किंग किती लांब आहे ते बुकिंगच्या वेळीच विचारा. रूम बघितल्याशिवाय बॅगा वर चढवू देऊ नका, एकदा सामान वर गेलं की आपणच कंटाळून "चालेल" म्हणतो.

संध्याकाळी बागोर की हवेलीतला नाचगाण्याचा कार्यक्रम सातला असतो, तिकिटाला लवकर जा. बोटिंग एकदा कराच.

परतताना डबोकचा एअरपोर्ट वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे, सकाळची फ्लाइट असेल तर आदल्या रात्रीच हॉटेलवाल्याला गाडी सांगून ठेवा आणि ती नेमकी कुठल्या चौकात उभी राहणार तेही विचारून घ्या.