फॉरमॅट मारायच्या आधी: विंडोजच्या रोजच्या कटकटी घरच्या घरी कशा सोडवायच्या

कॉम्प्युटर जरा स्लो झाला की कोणीतरी हमखास सांगतं, "फॉरमॅट मारून टाक," म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाक. दुकानात नेला तरी बऱ्याचदा पहिलं वाक्य तेच असतं. फॉरमॅट मारल्यावर मशीन पळतं हे खरंय, पण मुळात स्लो कशामुळे झालं होतं ते कळतच नाही, त्यामुळे काही महिन्यांनी परत तेच रडगाणं, आणि मधल्यामध्ये लग्नाचे फोटो, टॅलीचा डेटा, सेव्ह केलेले पासवर्ड, प्रिंटरचा ड्रायव्हर (विंडोजला ते उपकरण चालवता यावं म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर) हे सगळं गेलं ते वेगळंच. मला मनापासून वाटतं की हा उपाय फार लवकर सांगितला जातो. विंडोजच्या रोजच्या बहुतेक त्रासांमागे एखादं साधं कारण असतं, बऱ्याचदा ते विंडोजनेच कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं, आणि कुठे बघायचं हे माहीत असलं की एकही सॉफ्टवेअर विकत न घेता काम होऊन जातं.

खाली दिलेलं सगळं विंडोज १० आणि ११ दोन्हींना लागू आहे, एखाद्या बटणाचं नाव किंवा सेटिंगची जागा थोडी इकडेतिकडे असेल एवढंच.

आधी एक वही घ्या

खरंच, साधी शंभर पानी वही, कॉम्प्युटरच्या बाजूलाच ठेवा. काही बिघडलं की तारीख लिहा, स्क्रीनवर जो मेसेज आला तो जसाच्या तसा लिहा किंवा मोबाईलवर फोटो काढा, आणि त्याच्या एकदोन दिवस आधी नवीन काय झालं होतं ते लिहा, म्हणजे नवा प्रिंटर लावला का, अपडेट आलं का, मुलांनी गेम टाकला का. मग एका वेळी एकच बदल करा आणि तो परत कसा फिरवायचा तेही लिहून ठेवा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं तेच समजत नाही. असं करत गेलात की वर्षभरात तुमच्याच मशीनचं गाइड तयार होतं, आणि तुम्ही घरी नसताना आईबाबा किंवा मुलं त्यात बघून काम चालवू शकतात.

शट डाउन नाही, रिस्टार्ट करा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेलं. लोक म्हणतात, मी तर रोज रात्री बंद करतो. पण २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे, आणि ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात पण विंडोजचा आतला गाभा आणि ड्रायव्हर ज्या अवस्थेत होते तसेच सी ड्राइव्हवरच्या एका फाइलमध्ये जपून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. म्हणजे काल अडकलेला वायफायचा ड्रायव्हर आज पण अडकलेलाच. रिस्टार्ट मारलं की मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

स्वतः बघायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन सीपीयूवर क्लिक करा, खाली अप टाइम असा आकडा दिसेल. तिथे ११:०४:२२:५१ असं असेल तर त्याचा अर्थ ११ दिवस, ४ तास, २२ मिनिटं, ५१ सेकंद. रोज बंद करूनही हा आकडा असाच वाढत राहिलेला दिसला की लक्षात घ्या, मशीन खऱ्या अर्थाने बंद झालेलंच नाहीये. एकदा रिस्टार्ट मारा आणि परत बघा, आकडा शून्यापासून सुरू झालेला असेल. आवाज जाणं, ब्लूटूथ न सापडणं, माउस अडखळणं यातल्या बऱ्याच गोष्टी इथेच संपतात.

वारंवार होत असेल तर फास्ट स्टार्टअप बंदच करून टाका. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, मग डावीकडे चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू, वरती चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल वर क्लिक, आणि खालची टर्न ऑन फास्ट स्टार्टअपची टिक काढून सेव्ह. एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क) असलेल्या मशीनवर सुरू व्हायला फारसा जास्त वेळ लागत नाही.

मशीन कधीपासून बिघडलं ते मशीनलाच विचारा

स्टार्ट मेन्यूत रिलायबिलिटी असं इंग्रजीत टाइप करा, व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी असं येईल, ते उघडा. ही सोय विंडोज व्हिस्टापासून आहे आणि तरीही फार कमी लोक तिथे जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. मशीन किती भरवशाचं चाललंय याचा एक आलेख दिसेल, १ ते १० मध्ये, खाली तारखा. ज्या दिवशी काही कोसळलं त्या दिवशी लाल फुली, आणि ज्या दिवशी काही इन्स्टॉल किंवा अपडेट झालं तिथे निळं चिन्ह. आता बघायचं काय, तर लाल फुल्या कुठल्या तारखेपासून सुरू झाल्या आणि त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी निळ्या चिन्हात काय आहे. समजा १२ तारखेपर्यंत सगळं सुरळीत, १३ ला एक डिस्प्ले ड्रायव्हर अपडेट झाला आणि १४ पासून रोज लाल फुली, तर संशयित कोण ते सरळ दिसतं. त्या तारखेवर क्लिक केलं की खाली प्रोग्रामचं नाव येतं, टेक्निकल डिटेल्समध्ये आणखी माहिती.

ड्रायव्हर असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते उपकरण शोधा, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक ड्रायव्हर. हे बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असं समजा आणि लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा घ्या. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर टाकू नका, त्यांच्यासोबत बऱ्याचदा नको ते पाहुणे येतात.

सुरू व्हायलाच वेळ लागतोय

परत टास्क मॅनेजर, स्टार्टअप ॲप्स. इथे इम्पॅक्टच्या रकान्यात हाय लिहिलेलं असेल ते बघा. मीटिंगची ॲप्स, गेमचे लाँचर, प्रिंटरचे असिस्टंट, हे सगळे मशीन चालू होताना गर्दी करतात. राइट क्लिक करून डिसेबल करा, ॲप डिलीट होत नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. अँटिव्हायरस आणि टचपॅड किंवा साउंडच्या नावाचं काही असेल तर ते राहू द्या.

हे करूनही मशीन रांगतच असेल तर परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा आणि तिथे एचडीडी (जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क) आहे की एसएसडी ते वाचा. एचडीडी असेल आणि तो काही न करता पण १०० टक्क्यांवर बसलेला असेल तर सेटिंग बदलून फार काही होणार नाही, एसएसडी बसवा, जुन्या मशीनला याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. आणि दुकानदाराला सांगा की क्लोन करून द्या, म्हणजे सगळं आहे तसं नव्या डिस्कवर येतं.

सी ड्राइव्ह लाल झाला

विंडोज की आणि आय दाबा, सेटिंग्ज उघडेल, सिस्टम, स्टोरेज. थोडं थांबा, कशाने किती जागा खाल्ली ते येईल. टेम्पररी फाइल्समध्ये जाऊन टिक करून रिमूव्ह, पण डाउनलोड्सच्या नावापुढे टिक नाही ना ते दोनदा बघा, कारण आपल्याकडे सातबाराच्या पीडीएफपासून मुलांच्या हॉल तिकिटापर्यंत सगळं तिथेच पडलेलं असतं. प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन दिसलं तर ते बरेच जीबी असतं, पण काढलं की जुन्या व्हर्जनवर परत जाता येत नाही. तसंही मोठ्या अपग्रेडनंतर साधारण १० दिवसांनी विंडोज ते स्वतःच काढतं, त्यामुळे घाई नको.

डेस्कटॉपवरच्या फाइल्स गायब झाल्या असं वाटलं तर आधी वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टची क्लाउड, म्हणजे इंटरनेटवर फाइल्स ठेवायची सोय) फोल्डरमधला डेस्कटॉप बघा, बऱ्याचदा त्या तिथे सरकलेल्या असतात. वनड्राइव्हमध्ये फुकट जागा ५ जीबीच आहे, ती भरली की रोज सूचना येत राहतात. पण म्हणून तिथून धडाधड डिलीट करू नका, तिथून डिलीट केलं की सगळीकडून जातं. फाइलवर राइट क्लिक करून फ्री अप स्पेस केलं तर फाइल क्लाउडमध्ये राहते आणि डिस्कवरची जागा मोकळी होते.

कीबोर्ड भलतंच टाइप करतोय

ईमेल लिहिताना ॲटचं चिन्ह दाबलं आणि अवतरण चिन्ह आलं? कीबोर्ड बिघडलेला नाही, लेआउट युनायटेड किंगडमचा झालाय. अचानक मराठीच उमटायला लागलं तर विंडोज की आणि स्पेसबार दाबा, भाषा बदलते. कायमचं नीट करायचं तर सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन मध्ये जाऊन नको तो लेआउट काढून टाका आणि इंग्लिश इंडिया ठेवा, त्यात उजवा ऑल्ट धरून ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह पण येतं.

मराठी टायपिंगसाठी वेगळं काही डाउनलोड करायची गरज नाही. त्याच पानावर ॲड अ लँग्वेज मध्ये मराठी घ्या, मग लँग्वेज ऑप्शन्समध्ये ॲड अ कीबोर्ड, आणि मराठी फोनेटिक निवडा. मे २०१९ च्या अपडेटपासून हे विंडोजमध्येच आहे, इंग्रजी अक्षरांनी नमस्कार टाइप केलं की नमस्कार येतं. ज्यांना इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाणित कीबोर्ड) येतं त्यांना तर काही सांगायलाच नको. ऑफिसातून आलेली जुनी मराठी फाइल उघडल्यावर नुसतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली तर तो व्हायरस नाही, ती युनिकोडच्या (सगळीकडे सारखंच दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे, पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागा किंवा कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये करून घ्या.

प्रिंट अडकली, कॅन्सल पण होत नाही

फॉर्मची शेवटची तारीख असते तेव्हाच हे होतं. प्रिंटर बंद करा. स्टार्टमध्ये सर्व्हिसेस शोधून उघडा, यादीत प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) सापडेल, राइट क्लिक करून स्टॉप. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम ३२, स्पूल आणि त्यातला प्रिंटर्स नावाचा फोल्डर उघडा, परवानगी विचारली तर कंटिन्यू म्हणा, आतल्या फाइल्स डिलीट करा, फोल्डर मात्र ठेवा. परत सर्व्हिसेसमध्ये येऊन स्पूलर स्टार्ट करा, प्रिंटर चालू करा, आणि आता एकदाच प्रिंट द्या. हे वहीत नक्की लिहून ठेवा, परत लागणार आहे.

छोट्या छोट्या गोष्टी

स्क्रीन काळी पडली पण मशीन चालू आहे असं वाटतंय, तर विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबा, डिस्प्लेचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. कामाच्या मध्येच अपडेटसाठी रिस्टार्ट होत असेल तर विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ॲक्टिव्ह अवर्स ठरवा, १८ तासांपर्यंत देता येतात. अपडेट कायमचं बंद करायच्या नादाला मात्र लागू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे त्या मशीनवर बँकिंग करत असाल तर ११ वर जाता येतं का ते आधी बघा.

आणि हे घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून सांगा: स्क्रीनभर लाल मेसेज आला, जोरात आवाज येतोय, कॉम्प्युटर लॉक झालाय या नंबरवर फोन करा असं लिहिलंय, तर फोन अजिबात करायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर नसतो. ऑल्ट आणि एफ ४ दाबा, नाही गेलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर एंड टास्क करा. फोन केला असेल आणि त्यांनी काही ॲप टाकायला लावलं असेल तर आधी इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि १९३० वर सायबर तक्रार करा.

तरीही फॉरमॅटची वेळ आली तर

आधी सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी मध्ये रीसेट धिस पीसी आहे, त्यात कीप माय फाइल्स निवडलं की तुमच्या फाइल्स राहतात, टाकलेले प्रोग्राम जातात. त्याआधी तीन कामं. महत्त्वाचं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि दोनचार फाइल्स तिथून उघडून बघा. इन्स्टॉल असलेल्या प्रोग्रामची यादी आणि त्यांच्या लायसन्स की वहीत लिहा. तिसरं, बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते आणि कधीतरी स्क्रीन अचानक बिटलॉकरची (विंडोजच्या या कुलुपाची) ४८ आकडी रिकव्हरी की मागते, ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, तिथे लॉगिन करून आजच उतरवून घ्या. दुकानात द्यायचं असेल तर ही की चिकटवलेली वही लॅपटॉपसोबत देऊ नका, फक्त काय बिघडलंय आणि काय काय करून झालंय ते पान फाडून द्या.