डबे टांगण्याआधी : मिश्र पिंजऱ्यातल्या विणीची तयारी

पाऊस ओसरला की बजरीच्या (बजरीगर, छोटा रंगीत पोपट) माद्या कोपरे धुंडाळायला लागतात, कॉकटेलचा (कॉकॅटियल, तुरेवाला पोपट) नर सकाळी सहापासून शीळ घालत सुटतो आणि पाळणाऱ्याचे हात शिवशिवायला लागतात. अंडी घालायचे डबे टांगायचे का? एवढ्यात नको. डबा ही या यादीतली जवळजवळ शेवटची वस्तू आहे. आपल्याकडे, म्हणजे पुणे-नाशिक पट्ट्यात तरी, विणीला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच काळ सोयीचा. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या लाकडी डब्याची भट्टी होते, आणि पावसाळ्यात दाण्याला बुरशी धरते, तिथूनच पक्ष्यांना श्वासाचे आजार होतात. त्यामुळे तयारी गणपतीत सुरू करायची आणि डबे दिवाळीचे फटाके संपल्यावर टांगायचे. कॉकटेल रात्री आवाजाने बिथरतात, अंधारात जाळीवर धडका घेतात. अंड्यावर बसलेली जोडी अशी उठली की अंडी फुटतात, नाहीतर गार पडतात. दिवाळी असो वा नसो, पिंजऱ्याजवळ रात्रभर एक मंद दिवा हवाच.

सगळ्यात आधी आपल्याकडे कोणते पक्षी आहेत ते कायद्याच्या नजरेने बघून घ्या. आपला हिरवा पोपट, पहाडी पोपट आणि सगळ्या देशी मुनिया 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. ते पाळता येत नाहीत, मग वीण दूरच. ‘आमच्या आजोबांपासून आहे’ हे तिथे चालत नाही. परदेशी पक्ष्यांत बजरी, कॉकटेल आणि पीच-फेस लव्हबर्ड हे साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्टांतून वगळलेले आहेत, झेब्रा फिंच आणि बंगाली फिंच हे छोटे, दाणे खाणारे पक्षीही त्यात नाहीत. सन कन्युअर (पिवळा-केशरी पोपट), फिशर लव्हबर्ड, जावा चिमणी हे मात्र त्या यादीत आहेत. 2022 च्या दुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनुसार अशा पक्ष्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, घरात जन्मलेल्या पिल्लांचीही. जावाची जोडी स्वस्तात मिळते म्हणून ती कागदपत्रांतून सुटत नाही. सोसायटीत राहत असाल तर शेजाऱ्यांशीही आधीच बोलून ठेवा. कॉकटेलची शीळ पहिल्या आठवड्यात गोड वाटते.

आता कोणाला कोणाबरोबर ठेवायचं. मिश्र पिंजरा दिसायला सुंदर, पण वीण सुरू झाली की रोजचे शेजारी वैरी होतात. लव्हबर्ड या पिंजऱ्यात नकोतच. ते फिंचच्या पायाची बोटं तोडतात, दुसऱ्याच्या डब्यात शिरून पिल्लं मारतात. दुकानात बजरींनाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात, तेव्हा हातात काय आलंय ते आधी बघा. कॉकटेल आकाराने मोठे पण स्वभावाने गरीब, त्यांचं झेब्रा फिंच आणि डायमंड डव्हशी (इवल्याशा कबुतराशी) छान जमतं. बजरींचं थोडं बघून करावं. नर निरुपद्रवी असतात, माद्या डब्यासाठी एकमेकींचा जीव घेईपर्यंत भांडतात. म्हणून बजरीच्या जोड्या मोजून ठेवा आणि एकही जास्तीची मादी आत ठेवू नका. एखादा नर जास्त झाला तर चालतं. बंगाली फिंच शांत खरे, पण भारी लुडबुडे. दुसऱ्याच्या घरट्यात चौघे-पाचजण जाऊन बसतात आणि तिथली जोडी घरटं सोडून देते. माझं सरळ मत असं की पिल्लं हवी असतील तर बजरी वेगळ्या कराव्यात आणि मोठ्या पिंजऱ्यात कॉकटेल, झेब्रा फिंच आणि डायमंड डव्ह एवढेच ठेवावेत. ज्यांना सगळे रंग एकत्र हवेत त्यांनी तसं जरूर ठेवावं, पण त्या पिंजऱ्यात डबे लावू नयेत.

पिंजऱ्याची जाळी अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डमेश (जोडलेल्या तारांची जाळी) हवी. एक इंचाच्या चौकोनातून उंदराचं पिल्लू सहज आत येतं आणि साप येतो तो उंदरांच्या वासानेच. नवी गॅल्व्हनाइज्ड जाळी पक्षी सोडण्याआधी व्हिनेगर लावून कडक ब्रशने घासा, धुवा आणि थोडे दिवस उन्हापावसात राहू द्या. तिच्यावरचा सुटा जस्ताचा भुगा पोपटवर्गातले पक्षी चाटतात आणि जस्ताची विषबाधा होते. दार दुहेरी हवं, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. छप्पर निम्म्याहून जास्त पत्र्याने किंवा शीटने पूर्ण झाकलेलं हवं, म्हणजे कावळ्या-कबुतरांची विष्ठा आत पडत नाही. बर्ड फ्लू आणि मानमोडी (राणीखेत) अशा वाटांनीच येतात. शिकरा जाळीवर येऊन बसला तर घाबरलेले पक्षी आडोशाला जायला हवेत, त्यामुळे मागची बाजू आणि एक कड बंद ठेवा.

मुंग्यांसाठी मात्र वेगळा वेळ काढा. परदेशी पुस्तकांत यावर फारसं काही नसतं, आणि आपल्याकडे डब्यातली पिल्लं जाण्याचं हे मोठं कारण आहे. अंडं फुटून पिल्लू बाहेर येताना जो ओलसर वास सुटतो त्यावर लाल मुंग्या रांग लावतात. सकाळी डबा उघडला की टरफलाभोवती काळपट-लाल वलय हलताना दिसतं आणि पिल्लू तिथेच संपलेलं असतं. मादी बाहेर फांदीवर बसलेली असते, कारण तिलाही चावे बसलेले असतात. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पाण्यावर थेंबभर खोबरेल टाका म्हणजे डासही होणार नाहीत. भिंतीला टेकलेली प्रत्येक तार, दोरी, वेलीची फांदी तोडा. मुंग्यांची वाट एखाद्या कपडे वाळत घालायच्या दोरीवरूनही येते. पिंजऱ्याजवळ मुंग्यांचा विषारी खडू किंवा फवारा मारायचा मोह आवरा.

पक्षी नवे आणायचे असतील तर ते सप्टेंबरातच आणून निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, त्यांचं दाणापाणी शेवटी करा आणि नंतर हात धुवा. पोपटवर्गातल्या पक्ष्यांकडून माणसाला सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो, घरात वयस्कर माणसं किंवा गरोदर बाई असेल तर हा काळ अजिबात कमी करू नका. बजरीची मादी वर्षाची आणि कॉकटेलची मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिला डबा देऊ नका. कोवळ्या वयात, त्यात थंडीत, अंडं अडकतं. मादी जमिनीवर पिसं फुगवून बसली, शेपूट खालीवर करत असेल तर तिला उबेत ठेवून लगेच डॉक्टरकडे न्यायचं असतं, तेल लावत बसायचं नसतं. जोड्या जुळवताना ल्युटिनो (पिवळट-पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या) कॉकटेलला ल्युटिनो लावू नका, डोक्यामागचं टक्कल पुढच्या पिढीत वाढतं. तुरेवाल्या झेब्राला तुरेवाला झेब्रा नको, त्यातली काही अंडी जगतच नाहीत.

आहाराची तयारी डब्याआधी महिनाभर. नुसत्या राळ्या-बाजरीवर मादी अंडी घालेल, पण स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढून. समुद्रफेस पिंजऱ्यात कायम लटकलेला हवा. कोकणात किनाऱ्यावर मिळतो, तो दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून कडक उन्हात वाळवावा. मोड आलेले मूग, उकडलेला मका, शेवग्याचा पाला, पालक, कोथिंबीर आणि एक दिवसाआड उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून, हे सगळं आतापासूनच सवयीचं झालं पाहिजे. पिल्लं झाल्यावर ओळख करून दिलेला नवा पदार्थ आईबाप पिल्लांना भरवत नाहीत. उरलेलं ओलं खाणं दोन तासांत बाहेर काढा. ॲव्होकॅडो, चॉकलेट, कांदा अजिबात नाही. आणि पिंजरा स्वयंपाकघरालगतच्या बाल्कनीत असेल तर नॉनस्टिक तवा विसरा, कोरडा तापला की त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतात. मच्छर अगरबत्तीचा धूरही नको.

आता डबे. कॉकटेलला साधारण फूटभर लांबी-रुंदी-उंचीचा, तीन इंचांच्या भोकाचा डबा, तळाशी दोन इंच लाकडाचा भुसा. बजरीचा यापेक्षा लहान, तळाला वाटीसारखा खोलगट खड्डा असलेला. सपाट गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात ते फाकतातच. मातीची मटकीही चालते, फक्त ती आतून बघता आणि साफ करता येत नाही म्हणून मला आवडत नाही. झेब्रांना वेताची टोपली आणि मूठभर नारळाचा काथ्या बस, जास्त दिलात तर अंड्यांवर पुन्हा घरटं बांधत बसतात. प्रत्येक जोडीमागे दोन डबे, सगळे एकाच उंचीवर आणि एकाच दिवशी. उंचावरच्या एका डब्यासाठी होणारी मारामारी त्याने निम्म्याने कमी होते. बजरीची अंडी 18 दिवसांत, कॉकटेलची 18 ते 21, झेब्राची 12 ते 14 दिवसांत फुटतात. बाहेर एक वही टांगा, पहिल्या अंड्याची तारीख लिहा, सातव्या दिवशी टॉर्चवर अंडं धरून लाल शिरा दिसतात का बघा.

उरला पिल्लं हातावर, म्हणजे आपण भरवून, वाढवण्याचा प्रश्न, आणि तो पिल्लू झाल्यावर नाही, आत्ताच सोडवायचा. फिंच आणि डव्ह यांची पिल्लं घरी हातावर वाढवायच्या भानगडीत पडू नका. फिंचच्या पिल्लाचा जीव ग्रॅमात मोजायचा आणि त्याला सतत भरवावं लागतं. कबुतरवर्गातली पिल्लं पहिले दिवस आईबापाच्या अन्नपिशवीतल्या दुधावर जगतात, ते आपल्याकडे नसतं. झेब्राची अंडी सोडलेली असतील तर बंगाली फिंचच्या जोडीखाली सरकवा, ते पाळणाघरच आहेत. प्रश्न उरतो कॉकटेलचा. आईबाप नीट भरवत असतील तर पिल्लं त्यांच्याकडेच राहू द्यावीत आणि दोन आठवड्यांनंतर रोज दहा-पंधरा मिनिटं हातात घ्यावीत, असं माझं ठाम मत आहे. पक्षी तेवढ्यानेही माणसाळतो आणि आपण पक्षी आहोत हेही त्याला कळतं. बाजारात ‘हँडफीड’ पिल्लाला जास्त पैसे मिळतात, हे कारण मला पुरेसं वाटत नाही. पण आईबाप पिसं उपटत असतील, शेवटचं पिल्लू भावंडांखाली दबत असेल किंवा जोडीतला एक गेला असेल, तर सामान हाताशी पाहिजे. रात्री अकराला ते मिळत नाही.

सामान असं : हँडफीडिंगची सीलबंद पावडर, 5 आणि 10 मिलिलिटरच्या बिनसुईच्या सिरिंजा, एक ग्रॅमपर्यंत अचूक काटा, अन्नात बुडवता येणारा थर्मामीटर, टिशू, आणि ब्रूडर (पिल्लांची उबदार पेटी) म्हणून झाकण असलेला प्लास्टिकचा क्रेट, त्यात हीटिंग पॅड. पॅड अर्ध्या तळाखालीच, म्हणजे गरम झालं तर पिल्लाला सरकता येतं. काटेरी पिसं फुटत असलेल्या दोन आठवड्यांच्या पिल्लाला 30 ते 32 अंश ऊब लागते, पिसं भरत गेली की ती हळूहळू खाली आणायची. धापा टाकत पंख पसरले तर जास्त ऊब, एकावर एक चढून कुडकुडली तर कमी. तुमच्या भागात देखभालीसाठी वीज बंद असण्याचा वार ठरलेला असेल तर गरम पाण्याची पिशवी त्या दिवसासाठी. आणि सामानाहून महत्त्वाचं, माणूस. दोन आठवड्यांचं पिल्लू हातावर घेतल्यावरचा पहिला आठवडा सकाळी सहा ते रात्री अकरा दर चार-पाच तासांनी भरवायचं आहे. घरातला कोण घरी असतो ते आजच ठरवा. नोकरीच्या जागी क्रेट नेण्याची कल्पना बहुतेक वेळा कल्पनाच राहते.

भरवण्याचा सराव पिल्लाशिवायही करता येतो. पावडर गरम पाण्यात कालवा, पातळ दह्याइतकं होऊ द्या, आणि 39 ते 41 अंशांच्या मध्ये ठेवायला शिका. 43 च्या वर गेलं तर अन्नपिशवी आतून भाजते आणि ते कळतं चार दिवसांनी, छातीवर खपली धरल्यावर. 38 च्या खाली गेलं तर पिल्लू थुंकतं आणि पोटात गेलेलं सरकत नाही. मायक्रोवेव्ह नकोच, वाटीत एका जागी कोमट तर दुसरीकडे उकळतं. पिल्लू टॉवेलवर ठेवून सिरिंज त्याच्या चोचीच्या डाव्या कडेने आत, टोक उजव्या बाजूकडे तिरकं. चोचीच्या सांध्याला स्पर्श होताच निरोगी पिल्लू मान वरखाली पंपासारखी हलवायला लागतं आणि तेवढ्याच वेळात श्वासनलिका बंद असते. मान थांबली की तुमचा अंगठाही थांबला पाहिजे. नाहीतर अन्न फुप्फुसात. वजनाच्या दहा टक्के एका वेळी, म्हणजे 60 ग्रॅमच्या पिल्लाला 6 मिलिलिटर. अन्नपिशवी भरली की गळ्याखाली मऊ फुग्यासारखी दिसते, ताणून चकाकायला लागली तर जास्त झालं. रात्रीतून एकदा ती पूर्ण रिकामी व्हायला हवी. सकाळीही भरलेली, पिठूळ, आंबूस वासाची लागली तर वर अजून भरवू नका, डॉक्टर गाठा. दूध-पाव, सेरेलॅक, घरचं कसलंही दूध नको. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही.

रोज सकाळी पहिल्या घासाआधी वजन आणि ते वहीत. वाढत्या वयात एका दिवशीही कमी झालं तर कारण शोधा. सहा-सात आठवड्यांनी दाणे टिपायला लागल्यावर थोडं घटतं, ते चालतं. पण सिरिंज आपणहून बंद करू नका, पिल्लू नकार देईपर्यंत संध्याकाळचा घास द्या. एकटं पिल्लू वाढवण्यापेक्षा दोन भावंडं सोबत बरी.

डॉक्टरचं नाव आधी शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत, फोन करून विचारा आणि रविवारी कोण असतं तेही विचारा. आठव्या-दहाव्या दिवशी पायात ओळखीची बंद (न उघडणारी) रिंग घालायची असेल तर मापाच्या रिंगा आत्ताच मागवा, नंतर पाय त्यातून जात नाही. रिंग नसेल तर पुढच्या वर्षी एकाच डब्यातले भाऊबहीण जोडी लावून बसतात आणि कोणाला पत्ता नसतो. एका जोडीला हंगामात दोनच खेपा, फेब्रुवारीअखेर डबे उतरवून धुऊन उन्हात. आणि पिल्लं कोणाकडे जाणार ते पहिल्या अंड्याआधी ठरलेलं असू द्या. चार अंडी, दोन खेपा, तीन जोड्या असा हिशेब केला की चोवीसपर्यंत पक्षी होतात, तेवढे आपल्या पिंजऱ्यात मावत नाहीत. नातेवाईक ‘एक द्या हो आम्हाला’ म्हणतात, त्यातले दोघेच खरंच घ्यायला येतात. जे येतील त्यांना पक्षी स्वतःहून खायला लागल्याशिवाय देऊ नका, आणि सोबत आठवडाभराचा नेहमीचा दाणा बांधून द्या.