पावसाळ्यातच बांधा बेसबॉलचा संघ

मृग लागला की कोल्हापुरातली मैदानं चार महिने हातची जातात. गांधी मैदानात तर तळंच साचतं. बेसबॉलच्या संघासाठी मात्र हाच संघबांधणीचा काळ. स्पर्धेचं परिपत्रक आल्यावर आठवडाभरात घाईने निवडलेल्या संघात बहुतेक वेळा नऊ चांगले बॅटर असतात आणि तिसऱ्या दिवशी पिचिंगला, म्हणजे बॅटरकडे बॉल फेकायला, हात शिल्लक राहत नाही. म्हणून निवडीचा क्रम आधीच ठरवून घ्या: पहिल्यांदा पिचर, मग कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारा), मग मैदानाचा मधला कणा आणि सगळ्यांत शेवटी बॅटिंग.

पायरी १: स्कोअरबुक उघडा

जूनमध्येच गेल्या हंगामाचं स्कोअरबुक घेऊन बसा. बॅटरची नुसती सरासरी पाहू नका, तो किती वेळा बेसवर (धावणारा सुरक्षित थांबतो त्या टप्प्यावर) पोहोचला ते पाहा. हिट, वॉक (चार चुकीच्या बॉलवर मिळणारा फुकटचा बेस) आणि अंगाला बॉल लागून मिळालेले बेस यांची बेरीज करा आणि तो एकूण जितक्या वेळा बॅटिंगला प्लेटवर आला त्या संख्येने भागा. पिचरसाठी एका इनिंगला (समोरचे तिघे बाद होईपर्यंत) किती पिच, म्हणजे टाकलेले बॉल, लागले आणि किती वॉक दिले हे काढा. फिल्डरच्या चुका जागेनुसार वेगळ्या लिहा. एखाद्याच्या सगळ्या चुका थर्ड बेसवरच्या असतील आणि लेफ्ट फील्डमध्ये एकही नसेल, तर मुलगा चांगलाच आहे, त्याची जागा चुकली आहे.

थोड्या आकड्यांवर निकाल देऊ नका. वीस वेळा बॅटिंगला आलेल्या मुलाला नशिबाने दोन हिट मिळाल्या तरी त्याचं प्रमाण दहा टक्क्यांनी वर जातं.

पायरी २: कोण कधी मोकळा आहे

कागदावरचा संघ इथेच फसतो. दिवाळीपासून मार्चपर्यंतचे महिने आडवे लिहा, खेळाडूंची नावं उभी लिहा आणि प्रत्येक चौकोन भरून घ्या. बारावी, सेमिस्टर परीक्षा, पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली शिफ्ट, सगळं आलं पाहिजे. कागल, करवीर, पन्हाळ्याकडच्या मुलांना उसाची तोड कधी येणार हेही विचारा. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि आपला हंगाम एकाच वेळी चालतो. घरच्यांशीही बोलून घ्या. मुलगा उत्साहाच्या भरात सगळ्याला हो म्हणतो.

शालेय गट असेल तर जन्मतारखेचा दाखला आताच तपासा. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत एका दिवसाच्या फरकाने खेळाडू बाद होतो.

पायरी ३: पिचचा हिशोब

अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये २६ जणांच्या यादीत पिचर जास्तीत जास्त १३ ठेवता येतात आणि बहुतेक संघ तेवढे ठेवतातच. म्हणजे अर्धा संघ. आपल्याला १८ जणांत भागवायचं असतं, तेव्हा हिशोब आणखी काटेकोर हवा.

नऊ इनिंगच्या सामन्यात एका संघाला साधारण १५० पिच लागतात. चार दिवसांत चार सामने आले तर ६०० पिच. आता अमेरिकेत तरुण पिचरसाठी वापरली जाणारी विश्रांतीची मर्यादा लावून बघा. १७-१८ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ३० पर्यंत पिच टाकले तर सक्तीची विश्रांती नाही. ३१ ते ४५ ला एक दिवस, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ८० ला तीन आणि ८१ च्या पुढे चार दिवस. दिवसाची कमाल मर्यादा १०५.

पहिल्या दिवशी ८० पिच टाकणारा मुलगा थेट पाचव्या दिवशी उपलब्ध होतो, म्हणजे त्याची स्पर्धा संपली. चार सामन्यांचे चार स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) धरले तर ३२० पिच झाले. उरले २८०. ४५ वर थांबणारा रिलीफ पिचर (मध्येच बदली येणारा) एक दिवसाआड येऊ शकतो, म्हणजे दोनदा मिळून ९०. असे तिघे २७० भरतात. सात पिचर लावूनही दहा पिच कमी पडतात आणि एखाद्या खराब इनिंगला तर जागाच उरत नाही. म्हणून किमान आठ पिचर धरा. त्यातले चार-पाच दुसऱ्या जागेवरही खेळणारे असतील तरच १८ जणांत हे बसतं.

पिचर आणि कॅचर ही जोडी मात्र एकाच मुलावर टाकू नका. कॅचर प्रत्येक पिचनंतर बॉल परत फेकतो. त्याच खांद्याने मग पिचिंग केलं की दुखापत जवळ आलीच. कितीही गरज पडली तरी ही तडजोड करू नये.

पायरी ४: कॅचर आणि मधला कणा

पूर्ण तयार कॅचर दोन हवेत आणि गियर घालून निदान चार इनिंग काढू शकेल असा तिसरा. एकच कॅचर असेल तर तिसऱ्या दिवशी त्याचे गुडघे बोलू लागतात, बॉल मागे सुटतात आणि रनर फुकटचे बेस घेतात.

फर्स्ट बेसवरचा रनर पिच टाकताना सेकंड बेसकडे पळाला तर त्याला गाठायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजा. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये येईपर्यंत १.६ सेकंद आणि तिथून सेकंड बेसवरच्या ग्लोव्हपर्यंत २.४ सेकंद लागले तर बेरीज ४ सेकंद. चपळ रनर साडेतीन सेकंदांत पोहोचतो. दोष बहुतेकदा कॅचरच्या माथी मारला जातो, पण पिचरचा पाय लवकर टेकवला तर त्याच कॅचरचे थ्रो वेळेत पडू लागतात. होम प्लेट ते सेकंड बेस अंतर ३८.८ मीटर आहे. पावसात हॉलमध्ये सराव करताना तेवढी जागा नसेल तर निदान पिचरची वेळ तरी काढून ठेवा.

मग मधला कणा: शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर), सेकंड बेस आणि सेंटर फील्ड. शॉर्टस्टॉप गरजेला थर्ड किंवा सेकंड बेस सांभाळतो, उलट सहसा जमत नाही. म्हणून शॉर्टस्टॉप दोन शोधा. डावखुऱ्या हाताने फेकणाऱ्याला शॉर्टस्टॉप किंवा सेकंड बेसला बसवू नका. फर्स्ट बेसला फेकण्यासाठी त्याला अख्खं अंग वळवावं लागतं आणि रनर तेवढ्यात सुटतो. तो पिचर, फर्स्ट बेस किंवा आउटफील्डला शोभतो.

पायरी ५: नवे हात

पोकळ्या दिसल्या की जुलै-ऑगस्टमध्ये त्या जागांपुरतीच माणसं शोधा. सॉफ्टबॉलची मुलं खेळ जाणतात, पण त्यांची सवय ६० फुटांच्या बेसची; ९० फुटांवर थ्रो पोहोचतो का ते बघा. क्रिकेटमधला सीमारेषेवरून सपाट थ्रो करणारा मुलगा आउटफील्डला लवकर रुळतो. त्याला बॅट आडवी फिरवायला आणि बॉल मैदानात पडला की पळायलाच लागतं हे अंगवळणी पाडायला वेळ लागतो. खो-खोची मुलं बेसरनिंगसाठी अव्वल: सुरुवात, वळण आणि थांबणं तयारच असतं, घसरत बेस गाठण्याची स्लाइड तेवढी शिकवायची.

पायरी ६: नऊ चौकोन

मोठ्या कागदावर नऊ जागांचे चौकोन काढा आणि प्रत्येकात पेन्सिलीने तीन नावं लिहा. मग एक नाव हलवून बघा. शॉर्टस्टॉप पिचिंगला गेला, तर शॉर्टला कोण? तो सेकंड बेसवरून आला, तर सेकंडला कोण? एका बदलाने तीन जागा हलत असतील तर तिथे माणूस कमी आहे.

दोन नियम इथे अडवतात. बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. आणि डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) वापरत असाल, तर मैदानातला फिल्डर पिचिंगला आला की त्या सामन्यापुरती ती सोय संपते, पिचरलाच बॅटिंग करावी लागते. दोन जागा खेळणारे पिचर भरपूर असतील तर हे आधीच गृहीत धरून बॅटिंग ऑर्डर लिहा.

पायरी ७: हात शांत ठेवा

पिचरने वर्षातून चार महिने फेकू नये, त्यातले दोन-तीन सलग असावेत, अशी शिफारस आहे. आपला पाऊस हे आयतंच घडवतो. जून ते ऑगस्ट पाय, कंबर आणि पाठीचा व्यायाम करून घ्या. भिजलेला चामडी बॉल फेकू देऊ नका; तो जड होतो, निसटतो आणि कोपरावर ताण येतो. सप्टेंबरात १५ मीटरवरून हलक्या थ्रोने सुरुवात करा, दर आठवड्याला अंतर वाढवा, सहा आठवड्यांनी १८.४४ मीटरवरून पूर्ण जोर लावू द्या.

चाचणी त्यानंतरच घ्या, दसऱ्याच्या सुमारास. सोळा नावं पक्की करा, दोन जागा नावनोंदणीच्या शेवटच्या तारखेपर्यंत मोकळ्या ठेवा. त्या बहुतेकदा पिचरनेच भरतात. ज्यांची नावं गळली त्यांना ग्रुपवर यादी टाकण्याआधी समोर बसवून कारण सांगा आणि जमल्यास स्कोअरबुक किंवा पिचमोजणीचं काम द्या. ही वही नेमाने लिहिली गेली नाही तर पुढच्या जूनमध्ये पहिल्या पायरीला काहीच हाताशी नसतं.