पी-थ्री-एचटी ट्रान्झिस्टरची मोबिलिटी ०.००१ वरच अडकली होती: माझा अनुभव

पी-थ्री-एचटी म्हणजे एक अर्धवाहक पॉलिमर; मोबिलिटी म्हणजे त्यातून चार्ज किती सहज सरकतो त्याचं माप.

लक्षण: क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून स्पिन केलेली (वेगाने फिरवून पसरवलेली) फिल्म लालसर, शोषण-वर्णपटात ६०० नॅनोमीटरजवळचा खांदा (साखळ्या नीट रचल्याची खूण असलेला उंचवटा) जेमतेम दिसणारा, मोबिलिटी ०.००१ चौ.सेंमी./व्होल्ट-सेकंद. मुंबईच्या जुलैतल्या दमटपणाला शिव्या घालण्यात तीन आठवडे गेले.

अनीलिंगचं (फिल्म तापवून ठेवण्याचं) तापमान वाढवून पाहिलं, फरक किरकोळ. कमी रेणुभाराचा पॉलिमर वापरला. स्फटिक छान झाले, पण मोबिलिटी आणखी पडली. साखळ्याच आखूड, मग एका स्फटिकातून दुसऱ्यात चार्ज जाणार कसा?

खरी गोची द्रावकाची. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो. साखळ्या रचून बसण्याआधीच फिल्म सुकते.

जमलं ते असं. ट्रान्झिस्टरच्या ऑक्साइड थरावर आधी एचएमडीएसचा, म्हणजे पृष्ठभाग पाणी झटकणारा करणाऱ्या रसायनाचा, थर दिला (पाण्याचा थेंब पसरला तर पुन्हा द्या). मग जास्त रेणुभाराचा, रेजिओरेग्युलर (साखळीवरच्या शाखा एकाच पद्धतीने लागलेला) पॉलिमर, १० मिग्रॅ/मिली, सावकाश सुकणाऱ्या ट्रायक्लोरोबेंझिनमध्ये ८० अंशांवर विरघळवला. गरम असतानाच गाळून स्पिन केला. फिल्म ओली असतानाच पेट्री डिशखाली झाकून रात्रभर नायट्रोजन ग्लोव्हबॉक्समध्ये (नायट्रोजन भरलेल्या हवाबंद पेटीत) ठेवली. सकाळी १२० अंशांवर अर्धा तास, आणि हळूहळू थंड.

झाकण काढलं तेव्हा फिल्म गर्द जांभळी होती, अगदी पिकल्या जांभळासारखी. मोबिलिटी ०.०४.