मेलच्या तिन्ही तपासण्या पास, तरी ग्राहकाला इशारा? या चुका टाळा

हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन कारखान्यातून अकाउंट्सच्या ताईंचा फोन आला. "दादा, पुण्याच्या पार्टीनं फोटो पाठवलाय. आपल्या बिलाच्या मेलवर सावध राहा अशी पिवळी पट्टी येतेय. पेमेंट थांबवलंय त्यांनी." त्यांचा मेल मीच लावून दिलेला. एसपीएफ (हा सर्व्हर या डोमेनचा, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचा, मेल पाठवू शकतो का), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (यातलं एक तरी 'फ्रॉम'मधल्या, म्हणजे पाठवणारा म्हणून दिसणाऱ्या पत्त्याच्या डोमेनशी जुळतं का), सगळं पास. मग पट्टी कशाची?

या तपासण्या एवढंच सांगतात की मेल ज्या डोमेनच्या नावानं आला, त्याच्याच परवानगीनं निघाला. आत काय आहे, पाठवणाऱ्याच्या मनात काय आहे, हे त्या बघत नाहीत. गेटवर ओळखपत्र पाहिल्यावरही वॉचमन पिशवी उघडून बघतोच ना, तसंच. भामटाही नवं डोमेन घेऊन तिन्ही पास मिळवू शकतो. म्हणून जीमेल आणि आउटलुक पुढेही तपासत राहतात.

पहिली चूक म्हणजे स्वतःलाच मेल पाठवून "माझ्याकडे तर नीट दिसतं" म्हणणं. इशारा समोरच्याकडे येतो, तर मेलही त्याच्याकडचाच हवा. फॉरवर्ड करून मागवू नका, त्यात मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याच्या लपलेल्या नोंदी, राहत नाहीत. मेल फाइल म्हणून जोडून पाठवायला सांगा. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडलं की हेडर दिसतात.

आणि तिथे नुसता 'पास' शब्द वाचून थांबू नका, पुढे कोणाचं डोमेन लिहिलंय ते बघा. बिलिंगचं किंवा घाऊक मेलचं सॉफ्टवेअर अनेकदा स्वतःच्या डोमेननं सही करतं. एसपीएफही 'फ्रॉम'मधला पत्ता बघत नाही, मागे लपलेला 'रिटर्न-पाथ', म्हणजे न पोचलेला मेल परत जाण्याचा पत्ता, बघतो. म्हणजे दोन्ही पास, पण दोन्ही दुसऱ्याच्या नावावर! तुमच्या डोमेनशी एकही जुळलं नाही की डीमार्क नापास होतो. डीमार्कचं धोरण 'नन' (नापास झाला तरी अडवू नका) असेल तर मेल तरीही पोचू शकतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तुमच्या डोमेनची डीकेआयएम सही चालू करा.

ताईंच्या मेलमध्ये मात्र डोमेनही जुळत होतं. शेजारी बसून तो ओळीओळीनं वाचला. 'रिप्लाय-टू'मध्ये, म्हणजे उत्तर जिथे जातं तिथे, मालकांचा खासगी जीमेल पत्ता. बिल पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये, आणि अशी फाइल स्कॅनरला उघडता येत नाही. मजकुरात कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता दिसतो, पण त्यामागची लिंक ट्रॅकिंगच्या भलत्याच पत्त्यावर जाते. आणि शेवटी ठळक अक्षरात: "आमचे बँक खाते बदलले आहे, कृपया आजच नवीन खात्यात रक्कम जमा करावी." बनावट बिलं पाठवून पैसे लुटणारे नेमकं हेच, याच घाईनं लिहितात. पट्टी आली यात नवल नव्हतं. पुण्याच्या माणसानं पेमेंट थांबवलं, ते अगदी बरोबर केलं.

उत्तराचा पत्ता कंपनीच्याच डोमेनवर आणला, झिप काढून साधी पीडीएफ जोडली, लिंक सरळ वेबसाइटची दिली. पुढच्या बिलावर पट्टी आली नाही. यातल्या नेमक्या कशानं ती गेली हे जीमेल सांगत नाही, त्यामुळे सगळंच दुरुस्त करावं लागतं.

काही इशारे मात्र तुमच्या हातात नसतात. मोठ्या कंपन्या बाहेरून आलेल्या मेलवर 'एक्स्टर्नल' अशी खूण लावतात. आउटलुक पहिल्यांदाच लिहिणाऱ्याबद्दल सूचना देतं. तुमच्या माणसाचं नाव त्यांच्या एखाद्या साहेबांच्या नावाशी जुळलं तरीही तोतया समजून इशारा येऊ शकतो. अशा वेळी त्यांच्या आयटीवाल्यांना कळवा. डोमेनच्या डीएनएसमधली (डोमेनची माहिती ठेवणाऱ्या यादीतली) या तपासण्यांची रेकॉर्ड पुन्हा पुन्हा बदलू नका. एसपीएफमध्ये दहा डीएनएस लुकअपची (त्या यादीत शोधण्याची) मर्यादा आहे, दुसऱ्या सेवांना परवानगी देणारे नवे 'इन्क्लूड' टाकत गेलात तर चालू असलेलंही बंद पडेल.

सगळ्यात वाईट चूक मी इतवारीतल्या एका व्यापाऱ्याकडे पाहिली. त्यांनी गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर कळवलं होतं, "इशारा आला तरी काळजी नको, मेल आमचाच आहे." उद्या कोणी त्यांच्या नावानं खोटं बिल पाठवलं, तर गिऱ्हाईक त्या पट्टीकडे बघणारही नाही! तो मेसेज त्यांना मी त्याच दिवशी मागे घ्यायला लावला आणि दुसरा पाठवायला सांगितला: "खाते बदलल्याचा मेल आला, तर तुमच्याकडे आधीपासून असलेल्या आमच्या नंबरवर फोन करून विचारा."