घरी १६ पानं, छापखान्यात १९: फाइल विस्कटू नये म्हणून या चुका टाळा

गेल्या गणपतीत आमच्या गिरगावच्या वाडीतल्या मंडळाचा अहवाल मी घरी लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्या फुकट प्रोग्राममध्ये लावला. मोजून १६ पानं. मधोमध पिन मारायची पुस्तिका असली की पानं चारच्या पटीत लागतात, म्हणून जाहिराती मागेपुढे सरकवून कशीबशी सोळावर आणलेली. पेन ड्राइव्ह घेऊन छपाईवाल्याकडे गेलो, त्याने फाइल वर्डमध्ये उघडली आणि खालच्या कोपऱ्यात आकडा आला १९. वर्गणीदारांच्या यादीत तर गोंधळच. नावं डावीकडे आणि रकमा उजवीकडे एका रेषेत लावल्या होत्या. आता ५०१ एका टोकाला, १००१ दुसऱ्या टोकाला, आणि एका काकांचे २१०० खालच्या ओळीत, भलत्याच माणसाच्या नावासमोर. तसंच छापलं असतं तर विसर्जनापर्यंत तोंड लपवत फिरावं लागलं असतं.

छपाईवाला म्हणाला, ‘फुकटचं सॉफ्टवेअर वापरता, मग असंच होणार.’ मीही तेव्हा मान डोलावली. घरी येऊन फाइल नीट पाहिली तेव्हा कळलं, चूक माझीच. रक्कम उजवीकडे सरकेपर्यंत मी प्रत्येक ओळीत स्पेसबार बडवत बसलो होतो. स्पेसची रुंदी फॉन्टप्रमाणे बदलते. माझ्याकडे मुक्ता फॉन्ट होता, त्याच्याकडे नव्हता. वर्डने हाताशी असलेला दुसरा फॉन्ट लावला, आणि चाळीस स्पेसांची लांबी बदलली.

वर्डची डॉकएक्स काय किंवा रायटरची ओडीटी काय, दोन्ही फाइली आतून झिप केलेले गठ्ठे असतात. डॉकएक्सची एक प्रत काढा, शेवटचं डॉकएक्स पुसून झिप लिहा आणि उघडून बघा. आत मजकूर आणि त्याबद्दलच्या सूचना सापडतील: हा परिच्छेद मथळा आहे, इथे अमुक फॉन्ट, इथे पान तोडा. ओळ कुठे मोडायची हे त्यात बहुतेक लिहिलेलंच नसतं. फाइल उघडणारा प्रत्येक प्रोग्राम ते नव्याने ठरवतो, स्वतःच्या हिशेबाने आणि त्या मशीनवर जे फॉन्ट असतील त्यांच्यावर. ओडीटीमागचं मानक आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेने २००६ साली मंजूर केलं, डॉकएक्सचं २००८ साली. दोन्ही खुली आहेत आणि दोन्ही प्रोग्राम एकमेकांच्या फाइली वाचतात. पण चाळीस स्पेस म्हणजे ‘उजवीकडे’ हे त्यांना कोण सांगणार?

म्हणून यादी असेल तर सरळ टेबल करा आणि रेघा लपवा. वर्ड, रायटर, गूगल डॉक्स, तिन्हीकडे ती शाबूत राहते. उजवा टॅबही (मजकूर उजव्या कडेला टेकवणारी खूण) चालतो. नवं प्रकरण पुढच्या पानावर न्यायला बारा वेळा एंटर मारू नका. कंट्रोल-एंटर दाबलं की पान तुटतं. दुसऱ्याची फाइल हातात आली की आधी न दिसणारी चिन्हं दाखवायला सांगा. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-८, रायटरमध्ये कंट्रोल-एफ-१०, आणि गूगल डॉक्समध्ये व्ह्यू मेनूत तशी सोय आहे. ठिपक्यांच्या रांगा दिसल्या की समजायचं, इथे कोणीतरी स्पेसबारने घर बांधलंय.

मराठीवाल्यांना खरा त्रास फॉन्टचा, आणि तो इंग्रजीत लिहिणाऱ्यांना कधी कळत नाही. वर्ड आणि रायटर दोघेही एकाच मजकुरासाठी फॉन्टचे वेगवेगळे कप्पे ठेवतात: रोमन लिपीला एक, आपल्यासारख्या लिप्यांना दुसरा. वर्डमध्ये त्याचं नाव कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स, रायटरमध्ये सीटीएल (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट). फॉन्टच नाही, अक्षराचा आकार आणि ठळकपणासुद्धा दोन ठिकाणी नोंदलेला असतो. रायटरमध्ये स्टाइल (मजकूर कसा दिसावा याचा नाव दिलेला साचा) उघडून वरच्या कप्प्यात १४ लिहिलं, तर ‘पीडीएफ’ हा शब्द रोमनमध्ये लिहिलेला असेल तेवढाच मोठा होतो आणि मराठी आपली १२ वर ढिम्म. लोक मग वैतागून सगळा मजकूर सिलेक्ट करून हाताने आकार देतात. त्या क्षणी स्टाइल वापरण्याचा फायदा संपला. रायटरच्या सेटिंगमध्ये भाषांच्या पानावर सीटीएलची खूण करा, वर्डमध्ये ऑफिसच्या भाषांत मराठी जोडा, म्हणजे दुसरा कप्पा दिसायला लागेल. इंग्रजी आणि देवनागरी आकडे एकाच ओळीत वेगळ्या वळणाचे दिसतात, त्याचंही कारण हेच.

फॉन्ट बदलला की ओळीची उंचीही बदलते. मंगल तसा ऐसपैस फॉन्ट, ओळींमध्ये बरीच जागा घेतो. (तो आपल्या मुंबईच्या र. कृ. जोशींनी घडवलेला, विंडोजवर मराठी वाचणाऱ्या माणसाने त्याला एकदा तरी नावं ठेवलेली असतात, आणि वर्षानुवर्षं वाचलेलंही त्यातच असतं.) ही जागा कमी करायला लोक ओळींचं अंतर ‘एक्झॅक्टली’ करून १२ पॉइंटवर आवळतात. मग ‘र्की’मधला रफार वरून कापला जातो आणि ‘ट्रू’चा उकार खालून. सोसायटीच्या नोटिशीत ‘थकबाकी’ची वेलांटी उडालेली मी पाहिली आहे, सभासद म्हणाले, आम्हाला वाचताच आलं नाही! ‘मल्टिपल’ निवडून ०.९ वगैरे ठेवा. तो आकडा फॉन्टच्या उंचीच्या पटीत असल्याने फॉन्ट बदलला तरी निभावतं.

पानांच्या आकड्यांवर माझ्या भाचीचे दोन रविवार गेले. कलिन्याला, मुंबई विद्यापीठात, प्रबंध द्यायचा होता. सुरुवातीची पानं रोमन आकड्यांत, पहिल्या प्रकरणापासून १. अर्धं काम हॉस्टेलवर वर्डमध्ये, अर्धं घरी रायटरमध्ये. इथे दोघांची विचार करायची पद्धतच निराळी. वर्ड दस्तऐवजाचे सेक्शन, म्हणजे भाग, पाडतो. सेक्शन ब्रेक टाकायचा, नव्या फूटरमधलं (पानाच्या तळाच्या पट्टीतलं) ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करायचं, आकडा १ पासून सुरू करायचा. हे लिंक बंद करायला जवळजवळ प्रत्येकजण विसरतो, आणि मग पुढचं दुरुस्त केलं की मागचं बिघडतं. रायटरमध्ये स्टाइल परिच्छेदाला असते तशी पानालाही असते. ब्रेक टाकतानाच पुढच्या पानाची स्टाइल निवडायची आणि आकडा सांगायचा. मला रायटरची पद्धत जास्त पटते. पण वर्डची फाइल तिथे उघडली की ‘कन्व्हर्टेड १’, ‘कन्व्हर्टेड २’ अशा नावांच्या पान-स्टाइली उगवतात, आणि चार वेळा इकडून तिकडे केल्यावर कोणती कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

शिवाय तिच्या पीडीएफमध्ये मधेच एक कोरं पान येत होतं. पुसायला जावं तर स्क्रीनवर पुसण्यासारखं काहीच नाही. रायटर पुस्तकाचा नियम पाळतो: विषम आकडा नेहमी उजव्या पानावर. मागचं पान विषम असताना तुम्ही पुन्हा १ पासून सुरू केलंत, तर मध्ये तो स्वतःच एक कोरं पान घालतो. पीडीएफ काढताना आपोआप घातलेली कोरी पानं वगळायची सोय असते, ती वापरली की काम झालं.

गूगल डॉक्सची गोष्ट छोटी आहे. पाच जणांनी मिळून लिहायला त्याच्यासारखं काही नाही, आणि जुनी आवृत्ती परत आणता येते. पण तिथे स्वतःची परिच्छेद-स्टाइल तयार करता येत नाही. साधा मजकूर, शीर्षक, उपशीर्षक आणि सहा हेडिंग, एवढंच. वर्डमध्ये मेहनतीने बनवलेली ‘उतारा’ स्टाइल तिकडे जाऊन आली की फक्त दिसणं उरतं, नाव जातं. मजकूर तिथे पक्का करा, सजावट नंतर एकाच ठिकाणी. आणि विरार लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर फाइल उघडून ‘फॉरमॅटिंग बिघडलंय’ असा मेसेज टाकू नका. मोबाइलवर तुमचा फॉन्ट नाही, बाकी काही झालेलं नसतं.

जुन्या मंडळांच्या, शाळांच्या फाइली कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतात. तिथे आत देवनागरी नसतेच. ‘मराठी’ शब्दाच्या पोटात इंग्रजी ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो. अशा फाइलला मंगल लावून उपयोग नाही, युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत, बदलूनच घ्यावी लागते. बदलल्यावर रफार आणि ‘ऱ्य’ डोळ्यांत तेल घालून तपासा. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ व्हायला वेळ लागत नाही.

फाइल आधीच विस्कटली असेल तर सिलेक्ट करून अवांतर सजावट काढून टाका. रायटरमध्ये कंट्रोल-एम, वर्डमध्ये अक्षरांसाठी कंट्रोल-स्पेस, परिच्छेदासाठी कंट्रोल-क्यू. मग स्टाइल लावा. वेबवरचं काही चिकटवताना फक्त मजकूर चिकटवा. पानाचा आकारही बघून घ्या: ए-४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, लेटर त्याहून थोडा रुंद आणि बराच बुटका. परदेशातून आलेला नमुना वापरला की तो लेटर असण्याची शक्यता दाट, आणि मग शेवटच्या चार ओळी पुढच्या पानावर.

या वर्षी छपाईवाल्याला मी पीडीएफच दिली, आणि फॉन्ट तिच्यात आल्याची खात्री प्रॉपर्टीजमध्ये बघून केली. त्याच्या मशीनवर उघडून यादीचं पान दोघांनी मिळून वाचलं. काकांचे २१०० त्यांच्याच नावासमोर होते. आडनावात मात्र एक काना जास्त पडला होता. पीडीएफ असल्यामुळे तो जागच्या जागी काढता आला नाही, आणि मी पुन्हा वाडीत परत.